छत्तीस नंबर

काही माणसांना सिनेमा दिसतच नाही, सिनेमातली चूक दिसते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. नायिका फलाटावरून धावत सुटली की ते तिच्याकडे न बघता सिग्नलकडे बघतात आणि "लाल असताना गाडी हललीच कशी?" म्हणून शेजाऱ्याला धारेवर धरतात. वकील मंडळी कोर्टाचा सीन आला की पाय मोकळे करायला बाहेर जातात. डॉक्टरांचं तर विचारूच नका. नायकाच्या छातीतली गोळी काढणाऱ्याच्या हातात मोजे नाहीत, एवढंच त्यांना दिसतं. पण ही सगळी मंडळी परवडली. रेल्वे, कोर्ट, इस्पितळ हे विषय अवाढव्य आहेत, त्यात एखादी चूक नजरेतून सुटूनही जाते. आमच्या सुभेदारसाहेबांचा विषय पाऊण किलोचा आहे. त्यातून काहीही सुटत नाही.

विषय म्हणजे हातगोळा. सिनेमावाले त्याला ग्रेनेड म्हणतात, सुभेदार 'छत्तीस नंबर' म्हणतात. मराठा लाइट इन्फंट्रीत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली आणि त्यातली बरीच बेळगावच्या सेंटरवर, रंगरुटांना हत्यारं शिकवण्यात. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. माणूस पेन्शनीत जातो, त्याच्यातला उस्ताद जात नाही. साताऱ्यात आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहतात. पाठ ताठ, मिशी ताठ, लेंग्याची इस्त्रीसुद्धा ताठ. पोरं त्यांना मागून 'छत्तीस नंबर' म्हणतात. त्यांना हे ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, असा माझा कयास आहे. कारण त्यांच्या फ्लॅटचा नंबर तीन. पोरं पार्सलवाल्याला "छत्तीस नंबरकडे द्या" म्हणतात तेव्हा ते कधी दुरुस्त करत नाहीत. आणि दुरुस्त न करणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हे.

अशा माणसानं सिनेमाचं तोंड पाहू नये, असं तुम्हाला वाटेल. पण गावात युद्धपट लागला आणि पहिल्या आठवड्यात सुभेदारांनी तो पाहिला नाही, असं होत नाही. त्यांच्या सौ., म्हणजे आमच्या काकी, पूर्वी सोबत जायच्या. नंतर त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आवं, मला पिच्चर बघायचाय, तुमचा क्लास न्हाय ऐकायचा." तेव्हापासून माझी भरती झाली. "मास्तर, चला, नवीन आलाय," एवढंच म्हणतात. खिशात फुटाणे, हातात टॉर्च (थिएटरात कशाला, हे विचारायचं नाही) आणि चेहऱ्यावर किट तपासायला निघाल्याचा भाव.

पहिली पंधरा-वीस मिनिटं ते शांत असतात. सलाम चुकला, रँक उलटी लावली, जवानाचे केस वाढलेत, हे सगळं ते सोडून देतात. "ती कपडेवाल्याची चूक." मग नायकाच्या छातीवर दोन हातगोळे लटकलेले दिसतात, आणि तेही कशाने? तर पिनेच्या कडीने! इथं सुभेदारांचा फुटाणा दातात थांबतो. ज्या कडीला ओढलं की गोळा जिवंत होतो, त्याच कडीला तो शर्टाला अडकवून हा गडी डोंगर चढतोय, झाडाझुडपातून सरपटतोय, मध्येच नायिकेला कडकडून मिठी मारतोय. सुभेदार माझ्या कानाशी येतात, "मास्तर, ह्या मिठीत तिघं मरत्याल. दोन ही, आन् एक क्यामेरावाला."

त्यानंतर येतो तो दातांचा प्रसंग. भारतीय, अमेरिकी, कोरियन, कुठलाही सिनेमा घ्या. एका हातात बंदूक असल्यामुळे नायक दुसऱ्या हातातल्या गोळ्याची पिन दातांनी ओढतो आणि ती थुंकून टाकतो. सुभेदारांना याचा जेवढा संताप येतो तेवढा शत्रूचाही कधी आला नसेल. एकदा कट्ट्यावर त्यांनी याचा जाहीर निकालच लावला. हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी एक जाड स्प्लिट पिन आणली, दोन भोकं पाडलेल्या लोखंडी पट्टीतून ती ओवली आणि तिची दोन्ही टोकं पक्कडीने बाहेरच्या बाजूला वाकवली. "छत्तीस नंबरची पिन अशी असती. टोकं फाकवल्याली. कशापायी? तर चुकून निघू नये म्हणून. आता वडा कुणीबी, दातानं."

पोरं मागं सरली. पुढं आले सोसायटीचे सेक्रेटरी. तरुणपणी आपण सोड्याच्या बाटलीचं बूच दाताने उघडत असू, असं ते दर कोजागरीला सांगतात. त्यांनी पट्टी दोन्ही हातांत धरली, कडी दातांत पकडली, डोळे मिटले आणि मान मागं झटकली. काहीतरी टक् वाजलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी तोंडावर हात ठेवला. पिन पट्टीत जिथल्या तिथं होती; निघाली होती ती दाढेवरची कॅप. सुभेदारांनी खाली वाकून कॅप शोधली, रुमालाने पुसून त्यांच्या हातात दिली आणि पोरांकडे वळून म्हणाले, "बगितलं? हिरो काय थुंकतो त्ये आता कळलं का?" त्या वर्षी वर्गणीच्या हिशोबावरून सेक्रेटरींनी तळमजल्याला बरंच छळलं, पण पुरावा पुरावाच होता.

पिनेवरच त्यांची शिकवणी थांबत नाही. पिन काढली म्हणजे गोळा सुरू झाला, हा दुसरा सिनेमाई समज. "पिन काडली आन् लिव्हर मुठीत दाबून धरलाय, तवर तो घरचा पावना. बसवा, चा पाजा. मूठ सैल झाली की मग न्हाय." मुठीतून सुटला की लिव्हर उडतो, आत स्प्रिंगने दाबून ठेवलेला स्ट्रायकर खाली आपटतो, टोपी फुटते, फ्यूज पेटते आणि ती जळत जळत डिटोनेटरपर्यंत पोचते. हे सगळं ते आजही एका दमात सांगतात. आणि गोळा पेटीतून निघतो तेव्हा त्यात डिटोनेटर नसतोच, तो वेगळा येतो. बुडाची चकती उघडून आत बसवावा लागतो, याला 'प्राइम करणं' म्हणतात, हे सांगताना आवाज एक पट्टी खाली येतो. कारण हेच काम त्यांनी शेकडो थरथरत्या पोरांकडून करून घेतलंय.

फ्यूज चार सेकंदांची. ही चार सेकंदं सुभेदारांच्या आयुष्यात गीतेसारखी आहेत. मुळात ती सात होती. पण १९४० साली फ्रान्सच्या लढाईत दिसून आलं की सात सेकंदं फार होतात. समोरच्याला पळायला किंवा गोळा उचलून परत फेकायला वेळ मिळतो. म्हणून हाताने फेकायच्या गोळ्याला चार आणि रायफलीवरून उडवायच्या गोळ्याला सात, असा हिशेब ठरला. "तीन सेकंद कमी कराया एक लडाई हारावी लागली सायबाला," सुभेदार म्हणतात, "आन् ह्यो डायरेक्टर बगा, उदळतोय."

ही उधळपट्टी मोजण्याची त्यांची पद्धत आहे आणि ती मी प्रत्यक्ष अनुभवली आहे. सिनेमाचं नाव सांगत नाही, निर्मात्याचं आधीच पुष्कळ नुकसान झालं. नायकाच्या पायाशी हातगोळा येऊन पडला. सुभेदारांनी हलक्या आवाजात सुरुवात केली, "एक हजार एक." नायकाने खाली बघितलं. "एक हजार दोन." पडद्यावर नायकाचे डोळे, मग गोळा, मग पुन्हा डोळे. "तीन." नायकाला आई आठवली. "चार. झालं. चला." म्हणजे त्यांच्या लेखी नायक गेला, सिनेमा संपला आणि आम्ही पार्किंगकडे निघायला हरकत नव्हती. पण पडद्यावर आई अजून देवापुढं निरांजन लावत होती. पाचला पुढच्या रांगेतलं एक कॉलेजातलं पोरगं फिस्सकन हसलं. सहाला तेही मोजू लागलं. आठाला आईने डबा भरून दिला, दहाला बहिणीने ओवाळलं, बाराला अख्खी बाल्कनी खणखणीत आवाजात मोजत होती. सतराला नायकाने मित्राला बाजूला ढकललं, अठराला स्वतः झेप घेतली आणि एकोणिसाला स्फोट झाला तेव्हा जो जल्लोष उसळला, तो त्या सिनेमाच्या नशिबी बहुधा तेवढाच. मॅनेजर धावत आला आणि गलका कुणी चालवलाय म्हणून विचारू लागला. सुभेदार उठून उभे राहिले. "आमी. फ्यूज किती सेकंदाची असती, सांगा बगू." मॅनेजर बिचारा कॉमर्सचा पदवीधर. तो मुकाट गेला.

फेकण्याच्या बाबतीत ते थोडे उदार आहेत. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात मिल्स बॉम्ब, म्हणजे छत्तीस नंबरचा मूळ अवतार, काढला तेव्हा तो क्रिकेटमध्ये बॉल टाकतात तसा, हात सरळ ठेवून, डोक्यावरून टाकायला शिकवलं; आपल्याकडेही तीच शिस्त आली. अमेरिकनांना क्रिकेट येत नाही. त्यांनी दुसऱ्या महायुद्धात चक्क बेसबॉलच्या आकाराचा गोळा करून बघितला, कारण काय, तर आपल्या प्रत्येक पोराला बेसबॉल फेकता येतो. तो प्रयोग बारगळला. हॉलिवुडचा नट कोपरातून झटका देऊन फेकतो ते या संस्कारातून, त्यामुळे त्याला माफी. आपले नटही तसंच फेकतात, त्यांना नाही. "गल्लीत क्रिकेट खेळून मोटं झालं, आन् फेकत्यात बगा कसं!" शिवाय पाऊण किलोचा लोखंडी गोळा भला जवान पंचवीस-तीस मीटर टाकतो, आणि त्याचे तुकडे त्याहून लांब येतात. म्हणून टाकणाऱ्याने टाकल्या टाकल्या आडोसा धरायचा असतो. नायक मात्र गोळा टाकून पाठ फिरवतो आणि मागे न बघता, कोट उडवत, आपल्याकडे चालत येतो. हा क्षण पोरांना शिट्ट्यांचा वाटतो. सुभेदारांना तो वैद्यकीय रजेचा वाटतो.

आता आगीच्या लोळाबद्दल. इथं मात्र सिनेमावाल्यांची बाजू मला थोडी पटते आणि त्यावरून आमचं दोघांचं वाजतं. खऱ्या हातगोळ्यात ज्वाळेचा तो केशरी डोंगर नसतोच. स्फोटकाचा स्फोट सेकंदाच्या हजाराव्या भागात आटपतो. कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रं घेतो. म्हणजे दोन चित्रांच्या मधल्या फटीतच सगळं उरकतं आणि हाती लागते फक्त धूळ. म्हणून सिनेमावाले पेट्रोल उडवतात. ते सावकाश, झोकात जळतं, आणि प्रेक्षकाला 'काहीतरी झालं' असं वाटायला पुरेसा वेळ मिळतो. हे मी त्यांना समजावलं तर म्हणाले, "म्हंजे क्यामेरा हळू चालतो म्हणून आमी पेट्रोल घालायचं?" यावर काय बोलणार.

त्यांचा नातू पुण्याहून सुट्टीला आला होता. आजोबांनी त्याला खरा स्फोट दाखवायचं ठरवलं. फोनवर कुठल्याशा देशाच्या फौजेचा सरावाचा व्हिडिओ काढला. भिंतीआड एक सैनिक, त्याच्या शेजारी त्याचा उस्ताद. गोळा गेला, दोघं खाली बसले. एक कोरडा 'टण्' असा आवाज, राखाडी धुळीचा एक फुगा, संपलं. नातवाने आणखी काही येतंय का म्हणून वाट पाहिली. मग म्हणाला, "आबा, एवढंच? तुमचा फुसका आहे." मी त्या घरात बराच वेळ बसलो होतो, पण सुभेदार काही बोलले नाहीत. काकींनी चहात साखर घातली नव्हती, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

तोच नातू दिवसभर फोनवर पब्जीचा भारतीय अवतार खेळत असतो. त्यात हातगोळा आहे आणि तो मुठीत थोडा वेळ 'कुक' करून, म्हणजे लिव्हर सोडून फ्यूज जळू देऊन, मग फेकायची सोय आहे. समोरच्याला पळायला वेळ मिळू नये म्हणून. सुभेदार चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून बघायला लागले. "कुणाच्या ऑर्डरीनं धरून ठिवलायस?" नातू म्हणाला, गेममध्ये ऑर्डर नसते. "म्हणूनच मरतोस." आणि खरोखरच त्याचा गोळा खिडकीच्या चौकटीला आपटून परत आला आणि चौघांच्या टोळीतले दोघं गारद झाले. तरीही जाता जाता त्यांनी शेरा दिला तो महत्त्वाचा आहे. म्हणाले, लिव्हर सुटल्यावर टाइम चालू होतो, एवढं तरी ह्या गेमवाल्या पोरांना कळतं. करोड रुपये घेणाऱ्या हिरोला कळत नाही. नातवाला त्या दिवशी शिक्षा म्हणून फक्त दहा दंड काढावे लागले.

सिनेमातल्या नकली वस्तूंबद्दलही त्यांची ठाम मतं आहेत. मी त्यांना हॅरॉल्ड लॉइडची गोष्ट सांगितली. मूकपटांतला तो चष्मेवाला विनोदी नट. १९१९ साली लॉस एंजेलिसमध्ये त्याचे फोटो काढणं चाललं होतं. हातात नाटकातला गोल बॉम्ब, वातीवर सिगारेट शिलगवायची अशी पोज. नकली बॉम्बांत एक खरा मिसळला होता. तो हातात फुटला. लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पुढं १९२३ साली 'सेफ्टी लास्ट' या चित्रपटात तो उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो, ते दृश्य जगभर गाजलं. ते त्याने हातावर नकली बोटांचा मोजा चढवून केलंय. हे सांगताना मला गहिवर आला होता. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या कोतमदी रजिस्टर नव्हतं का?" कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. तिथं प्रत्येक नग सहीवर निघतो आणि सहीवर परत येतो. लॉइडची बोटं सुभेदारांच्या मते बॉम्बाने नाही, बिनसहीच्या कारभाराने गेली. विचार केला तर खोटं नाही.

एवढ्या मोठ्या पडद्यावर त्यांना मान्य असं काहीच नाही का? आहे. नाना पाटेकरांचा १९९१ चा 'प्रहार'. या चित्रपटासाठी नानांनी मराठा लाइट इन्फंट्रीत प्रशिक्षण घेतलं होतं. त्यामुळे त्यात काही चूक असलीच तर ती बघायची नाही, हा घरचा कायदा. मी एकदा 'प्रहार'मधल्या एका बारीकशा प्रसंगाबद्दल शंका काढली तर म्हणाले, "मास्तर, तुमी मराठी शिकवायचा न्हवं? मग." रामायण, महाभारत या मालिकांनाही ते काही बोलत नाहीत. बाणातून आग निघो, पाऊस पडो, नाग निघो. "ब्रह्मास्त्राची फ्यूज किती सेकंदाची ते व्यासांनी लिवल्यालं न्हाय. छत्तीस नंबरची लिवल्याली हाय."

तिसरा अपवाद नातवामुळे घडला. त्याने 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' हा इंग्रजी चावट सिनेमा आजोबांना दाखवला. हा १९७५ चा, म्हणजे आपल्या 'शोले'च्या वर्षाचा. राजा आर्थर आणि त्याचे सरदार एका गुहेशी येतात. तिथं एक पांढराशुभ्र ससा माणसांची नरडी फोडत सुटलेला. त्याला मारायला पेटीतून निघतो एक पवित्र हातगोळा, राजदंडाबरोबरच्या सोन्याच्या गोळ्यासारखा, वर क्रूस. आणि तो फेकण्याआधी एक भिक्षू पोथी उघडून त्याची पद्धत वाचतो: आधी पिन काढ, मग तीन मोज, तीनच, चार नाही, दोनही नाही, आणि मग टाक. सगळं घर हसून लोळत होतं. सुभेदार एकटे खुर्चीत पुढं सरकून, गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. पोथी संपली तेव्हा त्यांनी मान डोलावली. "ह्येला म्हंत्यात क्लास घेणं. एक गोष्ट, तीन डाव सांगायची." मग आर्थर राजा मोजतो आणि दोननंतर एकदम पाच म्हणतो, सरदार त्याला हळूच 'तीन' म्हणून सुचवतो. यावर सुभेदार पहिल्यांदाच हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "असली रंगरुटं लई बघितली. बेळगावला एक हुतं, त्ये तर एकनंतर टाकायचं." जगातल्या इतक्या युद्धपटांत हातगोळ्याची कवायत नीट सांगितलीय ती सशाच्या सिनेमात, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गंभीरपणे जाहीर केलं.

गंभीर व्हायचं तेव्हा ते होतातच. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन नावं कायम निघतात. एक नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे. १० जुलै १९४४, इटलीतलं अप्पर टायबरचं खोरं. तुकडीतले जवळजवळ सगळे पडलेले असताना ते एकटे मशीनगनवर धावून गेले. हातगोळा टाकून गन आणि गनर संपवला, टॉमी गनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना पाडलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, कंपनीचे निरोप्ये. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी. आधी दोन जखमींना वाचवलं. हाताला जखम झाली आणि टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि हातगोळ्यांवर आले. एकामागून एक ठाणी गारद केली. शेवटी नदीच्या बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत त्यांनी बाकीच्या कंपन्यांना पलीकडून बोलावून घेतलं. ते जगले, व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन घरी आले.

हे सांगताना सुभेदारांची बोली थोडी शुद्ध होते आणि हातवारे बंद होतात. मधली एकच गोष्ट ते ठासून सांगतात. जाधवांचे हातगोळे लढता लढता संपले. तेव्हा ते सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले, पलीकडच्या सोबत्यांकडून गोळे घेतले आणि परत आले. "संपलं! ह्ये ध्यानात घ्या. परत आणाया जावं लागलं. तुमच्या हिरोचं कदी संपत्यात का?" मी आठवून बघितलं. पडद्यावर हातगोळे संपल्याचं दृश्य मलाही चटकन आठवेना.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये पेपरात बातमी आली. नागपूरजवळच्या एका खासगी कारखान्यात तयार झालेल्या नव्या हातगोळ्यांचा पहिला साठा संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत लष्कराच्या हवाली झाला. आराखडा डीआरडीओच्या चंडीगडच्या प्रयोगशाळेचा, ऑर्डर दहा लाख नगांची, नाव 'मल्टी-मोड'. आडोशातून टाकताना छर्रे उडवणारा आणि उघड्यावर चढाई करताना नुसता हादरा देणारा, असं एकाच गोळ्यात दोन्ही. छत्तीस नंबर जुना झाला होता, यात शंका नाही. विल्यम मिल्स नावाच्या, गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या इंग्रज कारखानदाराने १९१५ मध्ये बर्मिंगहॅमला त्याचा मूळ अवतार काढला. मेसोपोटेमियाच्या उकाड्यात टिकावा म्हणून त्याला लाखेचं अस्तर मिळालं आणि नावामागे 'एम' लागला. (सुभेदार रंगरुटांना एम म्हणजे मराठा असं सांगत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या होत्या, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.) इंग्रजांनी तो केव्हाच मोडीत काढला, आपण शंभर वर्षं सांभाळला.

सुभेदारांनी बातमी दोनदा वाचली. "नागपूरला क्येला. ब्येस झालं," म्हणाले. संध्याकाळी मात्र कट्ट्यावर आले नाहीत. मी घरी गेलो तर पेपरची घडी मांडीवर घेऊन बसलेले. नव्या गोळ्याच्या फोटोत ते छत्तीस नंबरच्या अंगावरच्या ओळखीच्या चौकटी शोधत होते, आणि त्यात त्या नव्हत्या. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, काळजी करू नका. सिनेमावाल्यांच्या सामानाच्या गोदामात अजून तुमचाच माल आहे. चौकटीचौकटींचा लोखंडी गोळा दाखवल्याशिवाय प्रेक्षकाला तो हातगोळा वाटतच नाही. फौजेतून गेला तरी पडद्यावरून छत्तीस नंबर आणखी पन्नास वर्षं हलत नाही." त्यांनी याचा बराच वेळ विचार केला. ज्या धंद्याला त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, तोच आता त्यांच्या गोळ्याला पोसणार होता. मग काकींना हाक मारून म्हणाले, "आगं, मास्तरांना चा टाक. आन् शुक्रवारी कुटला लागतोय बग जरा."

तेव्हा साताऱ्यात तुम्ही कधी युद्धपटाला बसलात आणि मागच्या रांगेतून "एक हजार एक" असं ऐकू आलं, तर मागं वळून "शूऽऽ" करू नका. चारपर्यंत दम धरा आणि पाचपासून तुम्हीही मोजायला लागा. तिकिटाचे पैसे तिथंच वसूल होतात. फक्त मध्यंतरात त्यांनी खिशातून लोखंडी पट्टी काढली, तर दाताला कॅप असल्याचं आधीच सांगून टाका.